भोपळ्याला हवा गडी

गारखेड्याच्या शाळेच्या परसबागेत यंदा एकच भोपळा धरला. मेथी, पालक, कोथिंबीर शेजारच्या बोकडाने उगवेल तशी फस्त केली होती. भोपळा तेवढा त्याच्या दातांना दाद देईना. आज त्याची भाजी खिचडीबरोबर पोरांना वाढायची होती, तीही तपासणीच्या साहेबांसमोर. पोरांनी वेलाला डबड्याडबड्यांनी पाणी घातलं होतं. त्यांना धीर नव्हता आणि मुख्याध्यापिका अनसूया मॅडमना तर त्याहून नव्हता.

"द्वारकाबाई, चिरला का?" त्यांनी खिचडी शिजवणाऱ्या बाईंना विचारलं.

"म्या? आख्खा भोपळा बाईमाणसानं चिरू नाय, मॅडम. आधी गड्याचा हात लागू द्या. मंग बघा कशा फोडी पाडते."

मॅडम हसल्या. अंधश्रद्धेवरचा धडा त्यांनी कालच सहावीला शिकवला होता. त्यांनी स्वतः सुरी उचलली, भोपळ्यावर टेकवली, आणि सासूबाई डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. सुरी त्यांनी हळूच खाली ठेवली.

"अभय सर, तुम्ही या बरं!"

"मॅडम, बायकोला सातवा लागलाय. आईनं नारळसुद्धा फोडू नको म्हणून सांगितलंय."

"मग पुंजाराम!"

शिपाई पुंजाराम मागे सरकला. "मला सुतक हाय, मॅडम. चुलता गेला ना."

"सुतकात शाळेत कसे आलात?"

"घरी लई पाव्हणे हायेत."

शाळेतले गडी संपले. आता भिस्त साहेबांवर. त्यांच्याच हस्ते भोपळा कापायचा ठरलं. शहागंजच्या बाजारातून शाल आणि झेंडूचा हार आला. हार तोवर भोपळ्यालाच घातला.

गाडी आली. उतरल्या विशाखा मॅडम.

"साहेबांची बदली झाली. आता मी."

सगळ्यांनी आशेने ड्रायव्हर शोधला. गाडी मॅडमनी स्वतःच चालवत आणली होती.

"एका भोपळ्यासाठी एवढं? द्या इकडे!" त्यांनी पदर खोचला, सुरी उचलली, भोपळ्याकडे बघितलं आणि आवाज उतरला. "कुणी पुरुष नाही का हो?"

खिचडी निवत चालली. पोरं ताटं वाजवू लागली. तेवढ्यात झेंडूच्या वासाने बोकड आत शिरला. त्याने हार धरून ओढला, हारामागून भोपळा टेबलावरून घरंगळला आणि फरशीवर आपटून त्याची दोन शकलं झाली.

अनसूया मॅडमना रडूच कोसळायचं बाकी होतं, पण द्वारकाबाई वाकून बोकडाला नीट निरखत होत्या.

"गडीच हाय की! आणा इळी!"

पोरांनी भाजी बोटं चाटून खाल्ली. विशाखा मॅडमनी शेरा दिला, ‘परसबागेत पुरुषांचा सहभाग: एक. काम चोख.’ अभय सर आणि पुंजाराम एकमेकांकडे बघेनात.

शाल कुणाला घालायची, यावर मग दुमत झालंच नाही. बोकडाने सत्कार शांतपणे स्वीकारला आणि शाल खायला घेतली.