तोरणाखालची फ्रेंच झडती

मुलांनो, घटकाभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. अमेरिकेत लढाई पेटली होती, तेव्हाची ही गोष्ट. तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव चढला, की लढाई तिकडे आणि चांदीच्या शेंब्या आमच्या बैलांच्या शिंगांना!

दिसतंय का? नांदगाव खंडेश्वराहून दीड कोसावरचं आमचं गाव. पोळ्याचा दिवस. वेशीबाहेर दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलंय. त्याखाली चाळीस जोड्या उभ्या आहेत. पाठीवर झुली, कपाळाला बाशिंगं. नवरदेवसुद्धा इतके नटत नाहीत. आणि सगळ्यांच्या पुढे, पांढरा फेटा बांधून, छाती काढून उभा आहे तो मी. गावचा शाळामास्तर. आज सारं गाव माझं नाव घेणार, याची मला पक्की खात्री होती. घेतलंही, पण ते शेवटी सांगतो.

आमच्याकडे पोळ्याला झडत्या म्हणायची रीत आहे. बैलांसमोर उभं राहून खड्या आवाजात एकेक ओळ फेकायची, आणि लोकांनी वर ‘हर बोला हर हर महादेव’ म्हणून ती उचलायची. समोरच्या बाजूनं झडतीला झडतीनं उत्तर द्यायचं. ज्याला उत्तर सुचणार नाही तो हरला. जो जिंकला त्याची जोडी तोरणाखालून सगळ्यात आधी जाणार. हा मान सलग तीन वर्षं गावातल्या सूर्यभाननं नेला होता, आणि तीन वर्षं समोरच्या बाजूचे खुशालराव त्याच्या बैलांची शेपटं बघत घरी जात होते.

या खुशालरावांची मुलगी जमुना, वय वर्षं नऊ. सबंध शाळेत तीच एक मुलगी. दाराजवळ बसायची, पण पाढे पहिल्या रांगेच्या आधी म्हणायची. खुशालरावांना मात्र तिचं शिकणं काही पटत नव्हतं. पोळ्याच्या आठ दिवस आधी ते शाळेत आले.

“मास्तर, पोट्टी शिकून काय करन? लोक मले विचारून राहिले.”

“खुशालराव, विद्येचा उपयोग दिसायला वेळ लागतो.”

“आठ दिवस आहेत तुमच्यापाशी. तुमच्या विद्येनं यंदा मान आणला, तर जमुना शाळेत येईन. नाही आणला, तर पोळ्यापासून घरी.”

जमुना दाराशी पाटी पुसत होती. पाटी कोरडी झाली तरी ती पुसतच राहिली.

मी म्हणालो, “मान आलाच म्हणून समजा.”

आता एवढी खात्री मला कशाच्या जोरावर? तर फ्रेंच भाषेच्या! फ्रेंच झडतीला गावात उत्तर कोण देणार?

त्याचं असं झालं. आदल्या हंगामात कापूस घ्यायला एक फ्रेंच साहेब अमरावतीहून आमच्या गावी आला होता. महिनाभर राहिला. मी त्याला मराठी शिकवली आणि त्यानं जाताना मला फ्रेंच व्याकरणाचं जाड पुस्तक दिलं. मी ते कोनाड्यात ठेवलं आणि मला फ्रेंच येतं असं गावभर सांगत सुटलो. पावसाळ्यात पुस्तक उघडलं, तर माझ्याआधी वाळवीनं ते वाचून संपवलं होतं! दोनच पानं शिल्लक होती. साहेबानं नेमकी तीच मला समजावली होती. ‘खाणे’ या क्रियापदाचा एक काळ तेवढा त्यात होता. गोष्ट अजून घडलेली नाही, पण पुढे दुसरी काही घडेल तेव्हा ही होऊन गेलेली असेल, असा तो काळ.

दुसरा एखादा खचला असता. मी म्हटलं, ज्यानं पावकी, निमकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे पोरांच्या तोंडी बसवले, त्याला सहा ओळी काय जड? आठ दिवस सगळी शाळा एका सुरात घोकत होती. “जोरे मांजे, मी खाल्लेलं असेल! त्यु ओरा मांजे, तू खाल्लेलं असशील!” आणि माझी शिकवायची पद्धत अशी, की ‘मी’ म्हणताना बोट आपल्या छातीकडे, ‘तू’ म्हणताना समोरच्याकडे, ‘तो’ म्हणताना तिसऱ्याकडे, आणि ‘ते’ म्हणताना सगळ्या जगाकडे. बोट दाखवल्याशिवाय माझ्या तोंडून ओळ बाहेर पडत नसे.

पोळ्याच्या दिवशी दुपारी फेटा बांधून खुशालरावांकडे गेलो. ते गोठ्यात बैलांच्या शिंगांना रंग देत होते. त्यांची आई मनकर्णाबाई चुलीजवळ बसली होती.

“मास्तर, तुमचा आवाज बसल्यावानी वाटते,” ती म्हणाली. “दोन घास खाऊन घ्या.”

“आजी, अजून बैल जेवले नाहीत,” जमुना म्हणाली.

“तू गप बस. मास्तरले ओरडाचं हाय.”

हे नीट ध्यानात ठेवा, मुलांनो. पोळ्याला आधी बैलांना पुरणपोळी, मग घरच्या माणसांना. त्याआधी कोणी तोंड उष्टं करत नाही. मलाही हे ठाऊक होतं. पण पोळीवर तूप पडलं आणि मला कळलं, की आवाज खरंच बसलाय. दोन पोळ्या खाल्ल्या. जमुना बघत होती.

आता परत तोरणाखाली या. सूर्यभाननं पाच झडत्या फेकल्या, खुशालरावांनी कशाबशा चारांना उत्तरं दिली. पाचवीला अडकले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो.

“जोरे मांजे!” बोट छातीवर.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कोणीतरी ओरडलं, “हर बोला हर हर महादेव!”

“त्यु ओरा मांजे!” बोट सूर्यभानवर. “इल ओरा मांजे!” बोट त्याच्या भावावर. “नूझोरों मांजे!” बोट आमच्याच बाजूवर. “वूझोरे मांजे!” बोट सगळ्या सूर्यभानवाल्यांवरून फिरलं. “इल्झोरों मांजे!” आणि शेवटी हात लांब करून सबंध गावावर.

महादेवाचा असा गजर झाला, की बैलांनी कान टवकारले. सूर्यभान तोंड उघडून उभा. त्याला उत्तर कुठून सुचणार! मी मिशीवर हात फिरवला.

पण सूर्यभान कच्चा नव्हता. “पाटील,” तो म्हणाला, “झडतीले अर्थ पायजे. मास्तरनं अर्थ सांगावा.”

निवाडा करायला उभे असलेले भगवंतराव पाटील म्हणाले, “बरोबर हाय. सांगा मास्तर.”

अर्थ विचारला की कुठल्या मास्तराला राहवतं? मी पुन्हा बोटासकट सुरू केलं. “मी खाल्लेलं असेल. तू खाल्लेलं असशील. त्यानं खाल्लेलं असेल. आम्ही खाल्लेलं असेल. तुम्ही सगळ्यांनी खाल्लेलं असेल. त्यांनी...”

“काय?” सूर्यभान ओरडला. “मी बैलाईच्या आधी खाल्लं?”

“तसं नाही, हा एक काळ आहे...”

“काळ गेला चुलीत! सकाळपासून पोटात पान्याचा थेंब नाही, अन् हा मानूस बोट दाखवून म्हनते खाल्लं म्हून!”

त्याचा भाऊ बाह्या सरसावून पुढे आला. मागून बायका म्हणाल्या, “आमच्याकडं बी दाखवलं बोट!” चाळीस घरं उपाशी पोटी उभी होती आणि मी त्या सगळ्यांना भर पोळ्यात उष्टं ठरवलं होतं. उपाशी माणसाला काळ समजावून सांगणं किती कठीण असतं, ते मला तेव्हा कळलं.

पाटलांनी काठी आपटली. “थांबा. मास्तर शिकलेला मानूस हाय, उगाच बोलनार नाही. कोनीतरी खाल्लं असंन. ज्याच्या घरी बैलाईच्या आधी खाल्लं, त्याची जोडी आज सगळ्याईच्या मागून जाईन. मास्तर, पयली ओळ तुमची होती. तुमी खाल्लं काय?”

खुशालराव निर्धास्त हसत होते. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मनकर्णाबाई मात्र एकाएकी तोरणाची पानं मोजू लागली. खरं बोलावं तर खुशालरावांची जोडी शेवटी आणि जमुनाची शाळा बंद. खोटं बोलावं तर जमुना समोर उभी, आणि खोटं बोलू नये हे तिला मीच शिकवलेलं. घसा खरंच बसला, मुलांनो. तूप खाऊनसुद्धा!

तेवढ्यात जमुना गर्दीतून पुढे आली. माझा हात अजून हवेतच होता. तिनं माझं बोट धरलं आणि गावावरून वळवून बैलांकडे केलं.

“पाटीलबाबा, मास्तरचं बोट चुकलं. झडती बैलाईची हाय. आमी घरी जाऊन जेवू ना, तवा यायनं आधीच खाल्लेलं असंन. इल्झोरों मांजे.”

पाटील हळूच म्हणाले, “अरे, हे तर आपलंच हाय.” आणि महादेवाचा गजर तिप्पट झाला. सूर्यभाननंही मान हलवली. पण मग तो म्हणाला, “बैलाईचं समजलं. मास्तरचं काय? खाल्लं का नाही?”

जमुनानं माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे.

“खाल्लं,” ती म्हणाली. “आमच्या घरी. दोन पोळ्या. तूप आजीनं वाढलं.”

खुशालरावांचं हसू जागच्या जागी विरलं. पाटलांनी बराच वेळ दाढी खाजवली.

“पोट्टी खरं बोलली,” शेवटी ते म्हणाले. “झडतीचा अर्थ बी तिनंच लावला. मान खुशालरावाचा. घरच्याईनं काही खाल्लं नाही, खाल्लं ते मास्तरनं. तवा सगळ्याईच्या मागून जाईन तो मास्तर.”

“मास्तरले बैल कुठं हाय?” कोणीतरी विचारलं.

“मंग एकटाच जाईन.”

पोळा सुटायची खूण म्हणून पाटलांनी तोरण तोडलं. खुशालरावांची जोडी चांदीच्या शेंब्या झळकवत सगळ्यांच्या आधी निघाली, आणि खुशालराव तिच्यामागून ओरडले, “जमुना, उद्या शाळा हाय ना तुही?” पाठोपाठ बाकीच्या एकोणचाळीस जोड्या गेल्या. त्यांच्या खुरांचा सगळा चिखल अंगावर घेत सर्वांत शेवटी मी. दुतर्फा लोक माझं नाव घेत होते. म्हटलं होतं ना, घेतील म्हणून.

खुशालरावांच्या दारात पोचलो, तेव्हा बैलांच्या पायांवर पाणी घालून, कुंकू लावून, ओवाळून, पोळी भरवून झालं होतं. जमुना हातात ताट घेऊन उंबऱ्यावर उभी होती. मी पायऱ्या चढू लागलो, तर तिनं मला थांबवलं. आधी माझ्या पायांवर तांब्यानं पाणी घातलं, मग कपाळाला कुंकू लावलं, आणि बैलांच्याच ताटातली उरलेली पोळी माझ्या तोंडापुढे धरली.