अस्वलाच्या दोन-चार आठवड्यांच्या कुबड्या

मुलांनो, नीट बसा. शेपट्या आवरा.

एका जंगलात एक अस्वल राहत होतं. ते फार शहाणं होतं. निदान त्याचं स्वतःचं तसं मत होतं, आणि दुसऱ्या कोणाचं मत विचारायची त्याला सवय नव्हती.

एकदा ते मधासाठी झाडावर चढलं. पोळं रिकामं होतं, हे खालूनसुद्धा दिसत होतं. तरी अस्वल म्हणालं, वर जाऊन खात्री करून घेऊ. खात्री झाली आणि फांदी मोडली.

अस्वल पडलं. म्हणजे मी पडलो. आता तुमच्यापासून लपवून काय उपयोग? हसू नका रे. बरं, हसा.

करकोचा वैद्य आला. स्वतः एका पायावर उभा राहून त्याने माझा पाय तपासला.

"हाड जुळेल," तो म्हणाला, "पण पायातला जोर परत येणार नाही. कोपराखाली कडी असलेल्या कुबड्या घ्या. रोज लागतील, आणि कायमच्या."

"कायमच्या म्हणजे किती दिवस?"

"कायमच्या म्हणजे कायमच्या, अण्णा."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, मासे खाऊन जगणाऱ्याला अस्वलाच्या पायातलं काय कळतंय!

आता एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. टेकडीवर मोहाचं एक झाड आहे. चैत्रात पहाटे त्याची फुलं गळतात. लग्न झाल्यापासून दरवर्षी मी आणि आमची अस्वलीण तिथे जायचो. फुलं खायची, थोडं भांडायचं, पुन्हा फुलं खायची. वर्षभर मी त्या एका सकाळची वाट बघायचो. तिला हे कधी सांगितलं नाही, ते वेगळं. पण पाय गेला तेव्हा पहिला विचार मनात आला तो टेकडीचाच.

तर मी सुतारपक्ष्याकडे गेलो. नारबा त्याचं नाव. कुबड्या तोच करायचा.

"अण्णा, किती दिवसांसाठी हव्यात?" त्याने विचारलं.

सरळ प्रश्न होता. पण दुकानात दोन वानरं बसलेली होती, आणि त्यांचे कान माझ्याकडे होते.

"छे, छे! जरा मुरगळलाय," मी मोठ्याने म्हणालो. "दोन-चार आठवड्यांसाठी."

नारबाने बांबूच्या दोन हलक्या कुबड्या काढल्या. मुठीला नुसती गोल काठी, आणि कडी वाळक्या सालीची.

"थोड्या दिवसांना या चालतील. रोजच्याला मात्र..."

"रोजच्याला कोणाला हव्यात?" मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही.

शिवाय मी चौकशी केलेली होती. वडाच्या खोडावर जंगलातले लोक वस्तूंबद्दल आपापला अभिप्राय खरडून ठेवतात आणि खाली पानं चिकटवतात. या कुबड्यांखाली एका सशाने लिहिलं होतं, 'फारच छान. अजून वापरल्या नाहीत. पाच पानं.' मला तेवढं पुरे झालं.

आठ दिवसांत तळव्यांना फोड आले. पंधरा दिवसांत कडी घासून हाताचे केस गेले. गोल मूठ तळव्यात रुतायची आणि सगळं वजन एका रेघेवर यायचं. अस्वलाचं वजन, बाळांनो! मी दोष कोणाला दिला? आधी रस्त्याला, मग हवेला, मग अस्वलिणीच्या स्वयंपाकाला.

त्यात भेटायला येणारी मंडळी. प्रत्येकाला कुबड्या घालून अंगणात एक फेरी मारून बघायची असायची. जाताना कुबडीची उंची बदलायची खुंटी कोणीतरी स्वतःच्या मापाला लावून जायचं. पुढचे दोन दिवस मी वानराच्या मापाने वाकून चालायचो. पण मोकळेपणाने सांगतो, खुंटी पुन्हा लावायला अर्धं मिनिट लागतं. मला आपलं कण्हायला आवडायचं.

चैत्र आला.

"चला, मोह पडायला लागला," अस्वलीण म्हणाली.

टेकडी डोळ्यांपुढे आली, तळवे ठणकले. हात दुखतात म्हणावं, तर कुबड्या बदला म्हणेल. बदलायच्या, तर नारबापुढे 'कायमच्या' म्हणावं लागेल.

"मला हल्ली मोह पचत नाही," मी म्हणालो. "तू जा."

ती एकटीच गेली. पुढच्या वर्षी तिने पुन्हा विचारलं.

"टेकडीवर थंडी असते," मी म्हणालो.

"चैत्रात?"

"मला वाजते."

ती द्रोण घेऊन निघून गेली.

त्याच वर्षी पावसाळ्यात पाणवठ्याच्या उतारावर कुबडी घसरली आणि मी चिखलात बसलो, तो नेमका सगुणाक्का तरसिणीसमोर. अक्का बारा वर्षं कुबड्यांवर चालत होती. तिला लांबून बघितलं की मी वाट बदलायचो. तिच्याबरोबर उभं राहिलो तर लोक मला तिच्यातलाच समजतील, म्हणून. असा मी!

तिने ओढून उठवलं नाही. शेजारी बसली.

"घाई नको. हात दाखवा बघू."

मी दाखवले.

"अगं आई गं! अहो भाऊ, या चार दिवसांच्या कुबड्या. यांच्यावर दोन वर्षं काढलीत?"

"चांगल्या कशा ओळखायच्या?" मी विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच कोणाला तरी विचारत होतो.

"मूठ रुंद आणि चपटी घ्या, तळहात तिच्यावर विसावला पाहिजे. हात सैल सोडला की मूठ मनगटापाशी यावी, आणि धरल्यावर कोपर जरासं वाकावं. कडी मऊ हवी, कोपराच्या दोन बोटं खाली. खालची टोपी रुंद, झिजली की बदलायची. आणि दुकानात दोन पावलं टाकून मान डोलावू नका. दिवसभर घालून बघा. उठा, बसा, चढावर जा. जिथे टोचेल तिथे नारबाला तासायला लावा."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. वानरं होतीच. मी नारबाच्या आधीच बोललो.

"रोजच्या कुबड्या हव्यात. कायमच्या."

वानरांनी ऐकलं आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. दोन वर्षं मी ज्यांना घाबरलो, त्यांना माझ्यात एवढाच रस होता.

नारबाने तीनदा तासून दिल्या. फोड बरे झाले. चैत्रात मी पहाटे उठून दारात उभा राहिलो. अस्वलिणीने माझ्याकडे बघितलं, द्रोण उचलला आणि निघाली. सहा ठिकाणी थांबलो, पण पोचलो.

झाडाखाली फुलांचा सडा होता. मी खाली बसून पहिलं फूल तोंडात टाकलं. ती उभीच होती.

"दोन वर्षं मला वाटत होतं," ती म्हणाली, "तुम्हाला माझा कंटाळा आलाय."

"अगं, हात दुखत होते माझे."

"मग तसं सांगायचं ना! इथे एकटी बसून मी काय काय विचार केले असतील, कल्पना तरी आहे तुम्हाला?"

नव्हती, मुलांनो. मला खरंच नव्हती. ती रडायला लागली आणि मी तोंडातलं फूल काढून बाजूला ठेवलं.

तात्पर्य : चांगल्या कुबड्या कधीही घेऊ नयेत. हात दुखायचे थांबतात, सबबी संपतात, आणि जिला दोन वर्षं टाळलं तिच्यासमोर जाऊन बसावं लागतं.