मधुवंतीचं कल्चर

परदेशातल्या, नोव्हेना भागातल्या आपल्या फ्लॅटची किल्ली तीन महिन्यांसाठी आल्प्समधल्या गेर्डाबाईंच्या हाती देताना पद्माकररावांनी फ्रिजवर इंग्रजीत एकच चिठ्ठी लावली. 'बाकी काहीही करा, पण माझ्या दिवंगत बायकोचं कल्चर रोज चालू ठेवा.'

कल्चर म्हणजे विरजण. मधुवंतीने एकोणीस वर्षांपूर्वी सांगलीहून स्टीलच्या डबीत आणलेलं. ती गेल्यापासून दोन वर्षं रोज दूध कोमट करून त्यात चमचाभर विरजण लावणं, एवढाच पद्माकररावांचा संसार उरला होता. गेर्डाबाई गाईंच्या गावच्या. त्यांना दह्याचं काय समजवायचं, म्हणून जास्त फोड केली नाही.

घरांची ही अदलाबदल मधुवंतीनेच जाण्याआधी ठरवलेली. फॉर्मवर दोन नावं होती, म्हणून त्या डोंगरातल्या घरात दोन उशा, दोन कप आणि फिरायला दोन काठ्या काढून ठेवलेल्या होत्या. सावकाश प्रवास म्हणतात तो इतका सावकाश, की तीन महिन्यांतली ठळक घटना म्हणजे समोरची गाय उठून दुसरीकडे बसली. पद्माकरराव रोज दोन्ही काठ्या घेऊन फिरायला जात.

परत आले तर दाराशी रांगोळी. आत हळदीकुंकू चाललेलं. गेर्डाबाईंचं विमान संध्याकाळचं होतं, तोवर त्या नऊवारीत होत्या. सहा फूट उंचीमुळे ती सहावारीसारखी दिसत होती.

"या भावोजी, बसा. नाव घेऊ का?"

"हे काय आहे?"

"कल्चर." गेर्डाबाई इंग्रजीवर आल्या. "रोज चालू ठेवलं. सोमवारी भजन, बुधवारी पुरणपोळी. समोरच्या राधिकाने शिकवलं. फार दमले मी."

"आणि फ्रिजमधली डबी?"

"ती? दूध नासलं होतं त्यात. पहिल्याच दिवशी टाकलं. डबी घासून ठेवलीय."

पद्माकरराव ती चकचकीत डबी घेऊन स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. मागोमाग राधिका आली.

"काका, दहीच गेलंय ना."

"एकोणीस वर्षांचं होतं गं."

राधिका ओटा पुसू लागली. तो पुसलेलाच होता.

"काका, दर मे महिन्यात तुम्ही दोघं महिनाभर सांगलीला जायचात. फ्रिज बंद करून."

"रिकाम्या घरात वीज कशाला जाळायची?"

"मग विरजण कसं टिकायचं?"

पद्माकररावांनी तीस वर्षं बँकेत ऑडिट केलं होतं. हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

"आल्या दिवशी काकू हीच डबी घेऊन माझ्याकडे यायच्या. मी खालच्या दुकानातलं दही द्यायचे. म्हणायच्या, ह्यांना बोलू नकोस, सांगलीचं म्हणून एक वाटी जास्त खातात."

बाहेर गेर्डाबाईंनी नाव घेतलं. बायका हसल्या. पद्माकररावांनी बराच वेळ डबीचं झाकण लावलं आणि काढलं. मग डबी राधिकापुढे धरली.

"चमचाभर दे," ते म्हणाले. "आणि मला कळलंय, हे तुझ्या काकूला बोलू नकोस."