फक्कीचं रिंगण

आमच्या शाळेचं अर्धं मैदान झाडायला कांबळेबाईंची सक्त मनाई होती. सकाळी पोरं खराटे घेऊन निघाली की बाई आडव्या उभ्या राहायच्या. "थांबा रं, तिकडं वर्ग चालू हाय." तिकडं म्हणजे बोरीच्या जाळीत, दगडांच्या ढिगात आणि पाण्यानं भरलेल्या, काठ फुटलेल्या रांजणापाशी. विद्यार्थी म्हणाल तर सरडे, होले आणि बेडूक.

नव्वदच्या सुमारास शिराळ्याजवळच्या त्या शाळेत मी रुजू झालो, तेव्हा मला वाटलं, बाईंना कामाचा कंटाळा असावा. पण तो रांजण त्या स्वतः घागरीनं भरायच्या. विज्ञानाच्या तासाला पोरांना मातीत पालथं झोपवून मुंग्यांची रांग बघायला लावायच्या. कपडे मळले म्हणून एक आई भांडायला आली. बाईंनी तिलाही पालथं झोपवलं. जाताना ती पदर झटकत हसत होती.

एका उन्हाळ्यात टिटवीनं अंडी घातली ती नेमकी झेंड्याच्या खांबाजवळ, उघड्या मुरमावर. एक मे तोंडावर आलेला. हेडमास्तर म्हणाले, अंडी उचलून कुंपणाशी ठेवू. बाई म्हणाल्या, त्यापरीस खांब हलवा. शेवटी बाईंनी अंड्यांभोवती फक्कीचं सुबक रिंगण आखलं, कुणाचा पाय पडू नये म्हणून.

घोळ तिथंच झाला. आमच्याकडं झेंडावंदनाला पाहुण्यानं कुठं उभं राहायचं, ते फक्कीचं रिंगण आखूनच दाखवतात. सरपंचांनी दोरी ओढली, मागं सरले, रिंगण बघितलं आणि ऐटीत आत जाऊन उभे राहिले. लगेच राष्ट्रगीत सुरू झालं.

आता हलायचं कुणी? टिटवी कर्कश ओरडत सरपंचांच्या कोऱ्या टोपीवर झेपावत होती आणि सरपंच सॅल्यूट ठोकून ताठ. पोरांच्या रांगेशेजारी बाईही ताठ, नजर सरपंचांच्या वहाणांवर, डोळ्यांतून धारा. देशप्रेमानं बाईंना भरून आलंय, असं गावाला वाटलं.

राष्ट्रगीत संपताच बाई धावल्या. "सरपंच, आवं हलू नगा. उजवा पाय नुसता वर घ्या." सरपंच बिचारे एका पायावर उभे राहिले. बाईंनी खाली वाकून बघितलं. अंडी शाबूत होती. त्यांनी सरपंचांचा दंड धरून त्यांना अलगद बाहेर काढलं आणि सगळ्या गावासमोर हात जोडले.

मग निकाल वाटले, सुट्टी लागली, शाळा रिकामी झाली. मला कराडची एसटी गाठायची होती. बाई मात्र पायरीवर बसून राहिलेल्या. मी विचारलं, सुट्टीला मुलाकडं जाणार ना?

"त्यो शिरवळला कारखान्यात हाय. दोन वर्सं झाली, सुट्टी लागली की 'आई, आत्ता नगं' म्हनतोय." बाईंनी पदरानं चष्मा पुसला. टिटवी परत येऊन अंड्यांवर बसत होती. "जावा तुमी, सर. पिल्लं निघस्तवर घरात कुणीतरी मोठं मानूस नगं व्हय?"

मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्याशेजारी पायरीवर बसलो.