पान बावीसवरची गळती

"हे अक्षर आहे की मुंग्यांची रांग?" विरामकाकांनी पान उजेडाकडे धरलं, मग आडवं केलं, मग चष्मा कपाळावर सरकवून थेट नाकाशी आणलं. "आणि ही रांग उतारावर का निघालीये?"

"तरुण दिसतं त्यानं," तिरप्या म्हणाला.

संगीताच्या त्या मासिकाच्या कचेरीत दोघांची टेबलं समोरासमोर होती, आणि दोघांचं एकमेकांशी जमायचं ते तेवढ्यापुरतंच. काकांचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरात स्वल्पविराम आणि अर्धविराम जागच्या जागी बसवून त्यांनी हे नाव कमावलं होतं. तिरप्या नवा मांडणीकार. सरळ ओळ म्हणजे म्हातारपणाचं पहिलं लक्षण, असं त्याचं शास्त्र होतं. आल्या आल्या त्यानं मथळे कलते केले, गायकांचे चेहरे कानाच्या पुढे कापले, आणि पिवळ्या रंगावर पांढरी अक्षरं टाकून वर विचारलं, "कसं उठून दिसतंय?"

मालकीणबाईंना ते उठून दिसलं. त्यांनी महिन्याच्या बैठकीत सरळ हिशेब मांडला.

"पोरं फोटो बघतात, मधलं पोस्टर फाडून भिंतीला लावतात, मोठी अक्षरं वाचतात. बारीक मजकूर कोण वाचतं? विरामकाका, या अंकातली लांब मुलाखत अथपासून इतिपर्यंत वाचलेला एक तरुण वाचक मला आणून दाखवा. एकच. नाहीतर पुढच्या अंकापासून मजकूर बारा ओळी. आणि बारा ओळींसाठी वेगळा माणूस कशाला ठेवायचा?"

"एक कशाला, शंभर आणतो!" काका म्हणाले. एकही कुठून आणायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण शब्द गेला तो गेला.

लांब मुलाखत होती निळ्या केसांच्या एका गायिकेची. प्रश्न तयार होते, उत्तरं येता येत नव्हती. तिरप्याला मात्र पान आजच मांडायचं होतं.

"काका, जागा भरायला काहीतरी द्या ना. काहीही चालेल. खरी उत्तरं आली की बदलू."

काकांचं डोकं सकाळपासूनच तापलेलं होतं. घरी वरच्या मजल्यावरून स्वयंपाकाच्या ओट्यावर पाणी गळत होतं, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला त्याच दिवशी त्यांनी तिसरं पत्र धाडलं होतं. पहिली दोन त्यानं उघडलीसुद्धा नव्हती. तेच पत्र संगणकावर समोर होतं.

"हे घे," ते करवादले. "नाहीतरी हे कुणी वाचत नाही."

दोन दिवसांनी खरी उत्तरं आली. काकांनी त्यात एकोणीस स्वल्पविराम घातले, सात काढले आणि मजकूर तिरप्याकडे पाठवला. तिरप्यानं अंगठा दाखवला. पण तोवर पान असं काही झोकात बसलं होतं, की त्याला हात लावायचा तिरप्याला धीर झाला नाही, आणि संध्याकाळपर्यंत आठवणही राहिली नाही.

प्रूफ हाती आलं तेव्हा काकांना त्यातलं एक अक्षर दिसेना. आता हे सांगायचं कुणाला? खोलीच्या त्या टोकाचा सुटलेला अनुस्वार आपल्याला दिसतो, असं ते अठ्ठावीस वर्षं सांगत आले होते. तिरप्या हाताची घडी घालून समोर उभा. सबंध पानावर वाचता येण्याजोगं एकच वाक्य होतं, जांभळ्या रंगात, बोटभर उंचीचं: "थेंब थांबत नाहीत. मीही थांबणार नाही!"

"वा!" काका म्हणाले. "केस निळे असले तरी पोरीला वाक्य जमतं हो." आणि त्यांनी सही ठोकली.

अंक निघाला. दुसऱ्या दिवशी काकू ओट्यावरची बादली बदलून आल्या, सुईत दोरा ओवायचं त्यांचं भिंग घेऊन अंकापाशी बसल्या आणि मोठ्यानं वाचू लागल्या.

"'तुमच्या गाण्यांमागची प्रेरणा कोणती?' उत्तर, 'सदनिका ३०४ च्या न्हाणीघरातून आमच्या ओट्यावर गेले चार महिने पाणी ठिबकत आहे.' अहो, हिच्याकडेही गळतं?"

काकांनी कप खाली ठेवला आणि बूट ओढला.

"'या प्रवासात कुटुंबाची साथ कशी मिळाली?' 'सदर कुटुंब अत्यंत निगरगट्ट आहे.' अगं बाई! 'तरुण चाहत्यांना काय सांगाल?' 'दिवसातून दोनदा बादली बदलावी लागते.' चांगलं सांगितलंन हो."

काका अर्धवट बूट घालून कचेरीत पोचले.

"मजकूर होता की तिथे!" तिरप्या म्हणाला.

"अरे, पण कुठला होता ते वाचलं नाहीस?"

"मी मांडतो, काका. वाचायचं काम तुमचं. सहीपण तुमचीच आहे."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून काका बराच वेळ बोलले. मग खुर्चीत बसून ते तक्रारींची वाट पाहू लागले. आठवड्यात दोनशे बारा निरोप आले. एकशे चाळीस केसांच्या रंगाबद्दल, एक्कावन्न पोस्टरबद्दल, उरलेले एकवीस त्या जांभळ्या वाक्याबद्दल. कुणी ते वहीवर लिहिलं होतं, एकानं सदऱ्यावर छापून घेतलं होतं. गायिकेच्या व्यवस्थापकाचाही फोन आला. काकांनी डोळे मिटून तो कानाला लावला.

"ताई फार खूश आहेत. म्हणाल्या, इतकं मनातलं आजवर कुणी छापलं नव्हतं."

गळतीबद्दल एक अक्षर नाही. चूक कबूल करावी तर चुकीपायी खुर्ची जाणार, गप्प बसावं तर वाचक नाही म्हणून जाणार. पहिले तीन दिवस काकांनी कुणी वाचू नये म्हणून देवाला साकडं घातलं. चौथ्या दिवसापासून ते देवावरच चिडले. "तीस हजार प्रती! आणि एकालाही ओटा खटकू नये?"

रविवारी सकाळी दाराची घंटा वाजली. बाहेर सतरा-अठरा वर्षांची मुलगी, हातात अंक, नाकाचा शेंडा लाल. सदनिका ३०४ मधली.

"काका, हे तुम्ही लिहिलंय ना? खाली तुमच्या घराचा नंबर आहे, '२०४'. आम्हाला निगरगट्ट म्हणता?"

काकांचे डोळे चमकले. "तू वाचलंस?"

"वाचलं म्हणजे? असं छापतात का कुणाबद्दल?"

"सगळं? शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत! दोनदा!"

"अगं," काका आत वळून काकूंना ओरडले, "हिला सरबत कर! बस बाळ, बस. अजून बोल. काय काय वाईट लिहिलंय मी?"

मुलगी गोंधळून बसली. भांडायला आलेल्या माणसाला सरबत मिळालं की त्याची पंचाईत होते. "ओळी तिरक्या होत्या म्हणून अंक फिरवत बसले होते," ती म्हणाली, "तेवढ्यात आमच्या घराचा नंबर दिसला. पण गळतंय हे आम्हाला कुणी सांगायचं? सेक्रेटरींनी तुमचं एकही पत्र दिलं नाही. बाबा उद्याच प्लंबर आणतायत. आणि काका, वर तुम्ही चार महिने म्हणता, खाली पाच. नक्की किती?"

अठ्ठावीस वर्षांत काकांची चूक कुणी काढली नव्हती. त्यांचा चेहरा पडला, पण खिशातून लाल पेन काढून त्यांनी पाचाचे चार केले.

दुसऱ्या दिवशी ते तिला मालकीणबाईंपुढे घेऊन गेले आणि झालेला सगळा प्रकार एका दमात, मध्ये एकही विराम न घेता, सांगून मोकळे झाले. बाईंनी पान बावीस हातभर लांब धरून पाहिलं.

"चष्मा घरी राहिलाय," त्या म्हणाल्या. "पण दिसतंय छान. तू वाचलंस का गं सगळं?"

"दोनदा."

"एक म्हटलं होतं, एक आणलात. मजकूर राहील, काका. तुम्हीही. पण यापुढे प्रूफ भिंग लावून वाचायचं."

त्या आठवड्यात ओटा कोरडा झाला. बादली गच्चीत गेली. महिनाअखेरीस तिरप्या पुन्हा टेबलापाशी येऊन घुटमळला.

"काका, ढोलवाल्याची उत्तरं यायचीयत. जागा भरायला... म्हणजे या वेळी मी नक्की बदलीन हं."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खणातून घडी घातलेले दोन कागद काढले. समोरच्या घरातला कुत्रा पहाटेपासून भुंकतो, त्याबद्दल होते.

"बदलायची घाई नको," ते हळूच म्हणाले. "त्यांचा मुलगा आपला अंक घेतो, मी चौकशी केलीये. आणि हे बघ, जरा तिरकं लाव."