खडकेवाडीनं जिंकून दिलेलं रडणं

आमच्या जिल्ह्यात कोणत्या तालुक्याचं दुःख मोठं, हे दरसाल कबड्डीच्या सामन्यांवरून ठरतं. नदीच्या अलीकडचे पाच संघ पलीकडच्या पाच संघांशी भिडतात. ज्या तालुक्याचे संघ जास्त जिंकतील, तिथल्या माणसांना मयताला आणि वर्षश्राद्धाला तेरा दिवस रडता येतं. हरलेल्यांना तीन. चौथ्या दिवशी तलाठी येतो आणि डोळे बघून जातो.

हौसाबाई जगदाळेला हे लहानपणापासून ठाऊक होतं, पण ते आपल्याच दारात येईल असं ध्यानीमनी नव्हतं. तिचा रणजित म्हणजे शेलगावचा चढाईचा गडी, अलीकडच्या तालुक्याची सगळी भिस्त त्याच्यावर. सामन्यांच्या आदल्या आठवड्यात तो विहिरीवरची मोटर बघायला गेला आणि तारेला चिकटला. शेलगाव त्याच्याविना खेळलं आणि हरलं. दोन-दोन बरोबरीनंतरचा तो शेवटचा सामना होता, त्यामुळे तालुकाच हरला.

तलाठी भोईटे सामन्याच्या दुसऱ्या दिवशी आला. माणूस वाईट नव्हता, चपला बाहेर काढून बसला. म्हणाला, तीन दिवस कधीच सरले, वरचं रडणं जादा झालंय, ते हसून फेडावं लागेल.

"अवो भाऊसाहेब, पोरगं नव्हतं म्हणून तर संघ हरला," हौसाबाई म्हणाली. "ते असतं तर तालुका जिंकला असता, आन् मला तेरा दिवस मिळाले असते."

"ते असतं तर तुम्हाला दिवस लागलेच नसते," भोईटे म्हणाला. "गैरहजर गडी धरत नाहीत, बाई."

त्याच आठवड्यात पलीकडं एका सरपंचाची म्हैस मेली. तिलासुद्धा तेरा दिवस मिळाले, शेजारणींनी पाळीपाळीनं गळे काढले. इकडं हौसाबाई भाचीच्या हळदीला बसून ठरल्याप्रमाणे हसली. बायका म्हणाल्या, शहाणी आहे हो. आग लागो त्या शहाणपणाला.

आता आशा होती ती वर्षश्राद्धाची. तेव्हा तरी पोराला पोटभर रडायचं, तर तालुका जिंकायला हवा. शेलगावचा संघ मोडला होता. दम होता तो तालुक्यातल्या एका खडकेवाडीत, आणि खडकेवाडीशी शेलगावचा पिढ्यान्पिढ्या उभा दावा. तिथल्या संपतनं रणजितचा खांदा मुद्दाम मोडला होता, आणि हौसाबाईनं भर बाजारात बोटं मोडून त्याला शिव्याशाप दिले होते. पण आमच्याकडं रीतच आहे. वर्षभर एकमेकांची डोकी फोडा, नदीपलीकडच्यांशी गाठ पडली की तालुका एक.

त्या साली सामने पंधरवडाभर अलीकडं, श्राद्धाच्या आधीच लागले. सामन्याच्या दिवशी तिनं भाकरी-ठेचा बांधून नेला आणि त्याच संपतला कुंकू लावलं. मैदानाच्या कडेला घसा बसेपर्यंत ती त्याच्या नावानं ओरडली. शेवटचा गुण संपतनंच आणला.

श्राद्धाच्या सकाळी भोईटे आला. तेरा दिवस मंजूर झालेत, म्हणाला, आतापासून बसलात तरी चालेल.

हौसाबाईनं विचारलं, पलीकडं कुणाचं काही झालं का?

"पैलगावच्या एका बाईचा पोरगा गेला. कालच तिचा तिसरा दिवस झाला. आज कुणाच्या तरी बारशाला गेलीय. हसतीय चांगली, म्हणतात."

हौसाबाई उंबऱ्यात बसली आणि तिनं हंबरडा फोडला. गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. भोईटे शांतपणे ऐकत राहिला, त्याचं कामच होतं ते. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, कारण विचारावंच लागतं.

"बाई, हे सगळं रणजितचंच ना? पलीकडचं इथं चालत नाही."

"रणजितचंच," हौसाबाई म्हणाली.

भोईट्यानं मान डोलावली, चपला घातल्या आणि तो पुढच्या घरी गेला.