दामू कंपाउंडरची जीभ

दामू कंपाउंडर गोड खात नसे, चहातही साखर घेत नसे. मधुमेह वगैरे काही नव्हता. "जीभ बिघडते," म्हणायचा.

महाडच्या दवाखान्यात पुडी बांधण्याआधी तो औषधाचा कण जिभेवर ठेवायचा. "पांढरी पूड सगळी सारखीच दिसते, दादा. डोळे फसतात, जीभ नाय फसत." डॉक्टर हसायचे. मीही त्याला येडा म्हणायचो, तोंडावर.

मग माझ्या बायकोच्या, सरूच्या काळजाचा ताल सुटला. मध्येच धावायचं, मध्येच ठेचकाळायचं. डॉक्टरांनी क्विनिडीन लिहून दिलं. हिवतापाच्या कोयनेलची ही सख्खी बहीण, एकाच झाडाच्या सालीतली, असं दामूनं समजावलं. काळजाला दमानं चालायला लावते. मी चौथी शिकलेला, मला तेवढं पुरलं.

उजेडात ती काळवंडते, म्हणून तपकिरी बाटली. साध्या पाण्यात नीट विरघळत नाही, लिंबू पिळलं की विरघळते. तो पेला उन्हात धरला की आत निळसर झाक दिसायची.

"बघा वैनी, देवाचा रंग!"

"रंग देवाचा नि चव राक्षसाची," सरू म्हणायची.

दर गुरुवारी दामू सायकल हाणत आमच्या नाते गावाला यायचा. तिचं मनगट धरून ठोके मोजायचा. "कानात घुंई वाजते? जुलाब? लपवू नका, जास्त झालं तर हीच पूड उलटते." मग बिनसाखरेचा चहा.

"भावजी, बोलणंपण कडू झालं तुमचं. एक चमचा घाला की!"

"तुमची पुडी चाखायची हाय ना, वैनी!"

एकदा नवी बाटली आली. दामूनं चाखली, तर तोंड वाकडंच झालं नाही. "ह्यात भेसळ हाय," म्हणाला, आणि एसटीनं थेट मुंबईला गेला. दुसऱ्या दिवशी दुसरी बाटली काखेत धरून दारात उभा.

तीन वर्षं सरू त्या पुडीवर हिंडली-फिरली. मग एका सकाळी चुलीपाशी बसल्या जागीच गेली.

दामू आला तेव्हा मी नको ते बोललो. "तुझ्या जिभेचा काय उपयोग झाला रे?" तो रिकामी सायकल ढकलत गेला.

तेराव्याला न बोलावता आला. पंगतीत बसला. मी बुंदीचे लाडू वाढत होतो. त्याच्यापाशी आलो नि सवयीनं पुढे निघालो, तर त्यानं पान पुढे सरकवलं.

लाडू फोडून त्यानं सावकाश खाल्ला. मी बघतच राहिलो.

"बाकीच्यांना आता बंद बाटलीतल्या गोळ्या येतात, दादा. पूड फक्त वैनींची होती," तो खाली बघत म्हणाला. "आता जीभ कुणासाठी राखू?"

मी त्याच्या पानात दुसरा लाडू ठेवला.